घराचं गाऱ्हाणं

आमच्या घरात रोज दोन अंथरुणं घातली जात. एक माजघरात, एक पडवीत. पडवीतलं माझं. सकाळी उठलो की मी ते मुद्दाम चुरगाळी, उशीला हाताने मधोमध खळगा पाडी आणि शेजारची म्हातारी दूध घेऊन येईपर्यंत तसंच पसरलेलं ठेवी. तिने ते पाहावं म्हणून. ती कधी त्याकडे पाही की नाही, मला सांगता येणार नाही. तो गेल्यानंतरही काही दिवस माझा हात सवयीने उशीवर जाई. त्या उशीवर मी खरोखरच झोपलो होतो, हे मागाहून ध्यानात येई.

तो म्हणजे या घराचा मालक. मी गावच्या शाळेतला मास्तर. नावं लिहिणार नाही. त्याचं लिहायला हात धजत नाही, माझं लिहून उपयोग नाही, आणि बाकीची माणसं अजून याच पाणंदीतून येतात-जातात.

मी आलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मालवणहून होडीने यायचं, खाडीच्या काठी उतरायचं आणि माडांमधून वर चढायचं. माझं मूळ घर राजापूरच्या बाजूला. तिथे आई आणि थोरला भाऊ. राहायला जागा हवी होती, आणि ह्याचं घर मोकळं होतं. मुंबईला गोदीत चार वर्षं काढून, आई गेल्यावर तो परत आला होता. माडांची आणि पोफळींची बाग होती, विहीर होती, रिकामा गोठा होता, आणि बोलायला कोणी नव्हतं. मला बोलायची फारशी सवय नव्हती. ते त्याने चालवून घेतलं.

कसं सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. दोन माणसं एका चुलीवर जेवू लागली, एवढंच बाहेरून दिसत होतं. आतून जे होतं त्याला माझ्या वाचनात कुठेही चांगलं नाव सापडलं नाही. मालवणला एका वकिलांकडे मी पुस्तकं मागायला जाई. त्यांच्या कपाटात दंडविधान होतं. ते चहा सांगायला आत गेले असताना मी उभ्याउभ्या ते उघडलं आणि जे कलम वाचायला नको होतं तेच वाचलं. तुरुंगवास किती, तेही वाचलं. मग चहा प्यालो.

घरी येऊन त्याला सांगितलं. सरकारी माणूस तपासाला आला तर, असंही म्हणालो. तो सुपारी कातरत होता.

"तो सायब," तो म्हणाला, "होडी करून, खाडी ओलांडून, माजी पडवी बगूक येतलो? येवंदे. च्या करूया तेका."

"हसण्यासारखं नाही हे."

"मगे रडून बग. कलम बदालता काय ता."

त्या वर्षी कार्तिकात त्याने तुळशीचं लग्न काढलं. आई गेल्यापासून वृंदावनाला साधा चुनाही लागला नव्हता. घरात बाई नाही, जोडपं नाही, लग्न लावायचं कोणी, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. "तुमी मंगलाष्टका म्हणा, आंतरपाट मी धरतंय." आंतरपाटाला दोन टोकं असतात. एक त्याने धरलं, दुसरं पडवीच्या खांबाला बांधलं. मी घसा साफ करून मंगलाष्टकं म्हटली. शेवटी मूठभर अक्षता उरल्या. "ह्ये खंय टाकू?" असं म्हणत त्याने त्या माझ्या डोक्यावर टाकल्या, आणि राहिलेले चार दाणे स्वतःच्या.

मी आधी पाणंदीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग केसांतून एकेक दाणा काढला, ओट्यावर पडलेलेही वेचले. तो पाहत होता. "मास्तर, कोंबडी टिपतली ते," तो म्हणाला. मी तरी वेचले.

पुढे गोव्याच्या सत्याग्रहाची वर्षं आली. माणसं जथ्याने हद्दीकडे जात. त्यानेही पंचा खांद्यावर टाकला आणि गेला. मी जाऊ नको म्हटलं, मग येऊ का म्हटलं, त्याने दोन्हीला नाही म्हटलं. परत आला तेव्हा उजवं मनगट सुजून दुप्पट झालं होतं आणि कानाची पाळी फाटली होती. मी हळद लावत होतो.

"भीती वाटली?"

"वाटली तर. धोतरात मुतूची पाळी इली."

"मग?"

"मगे काय, आमी खाली बसलो. उभ्या माणसाक ढकलूक येता, मास्तर. बसलेल्याक उचलूचा लागता. उचलूक चार जण व्हये. तेवढो येळ जाता मा तेंचो."

हे तो हसतच बोलला. पण त्यानंतर त्याच्यात एक फरक पडला, आणि त्या फरकाची मला भीती वाटू लागली. बाजारात कोणी "मास्तर अजून बिऱ्हाडाक आसत?" असं विचारलं की पूर्वी तो "आसत" म्हणून पुढे जाई. आता थांबे. "बिऱ्हाडाक कित्याक? रवतत," असं म्हणे. मी बाजूला उभा राहून तराजूकडे पाहत असे.

वरच्या अंगाला त्याच्या चुलतभावाचं घर होतं. वाईट माणूस नव्हता तो. घरात तीन मुली, आणि थोरलीचं लग्न जमत आलेलं. मुलाकडची माणसं येऊन गेली, पोहे झाले, देण्याघेण्याचं झालं, आणि उठताना त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने बागेकडे बोट दाखवून विचारलं, "त्या घरात कोण रवता?" चुलतभावाने सांगितलं, धाकटा भाऊ. "आणि?" मास्तर. "आणि?" आणखी कोणी नाही. पुढे त्यांच्याकडून निरोपच आला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. चुलतभावाने ते स्वतः शोधलं आणि ते त्याला आमच्या पडवीत सापडलं.

तो आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. मला म्हणाला, "मास्तरांनू, तुमी शिकलेले माणूस. शाळेजवळ खोली बगतंय तुमका. भाडा मी देतंय." मी काही बोलण्याच्या आत आतून आवाज आला, "दादा, त्या खोलयेत तूच जावन रव."

आठवड्याभराने शेजारची म्हातारी दुधाचं भांडं खाली ठेवून तिथेच बसली. नेहमी ती बसत नसे.

"पुनवेक देवळात गाव बसता," ती म्हणाली. "ह्या वर्साक तुमच्यावर गाऱ्हाणा घालतत."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे वर्षातून एका पुनवेला गाव देवळात जमला की मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. गावाचं जे काही सुखदुःख असेल ते एका दमात सांगतो, शेवटी "रे म्हाराजा" म्हणतो, आणि जमलेला सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" पाऊस मागितला, व्हय म्हाराजा. साथ हटव म्हटलं, व्हय म्हाराजा. गावाने व्हय म्हटलं की ते देवाच्या कानावर पडलं. मग ते मागे घेता येत नाही. एखाद्या घराविरुद्ध गाऱ्हाणं गेलं आणि गावाने त्याला व्हय म्हटलं, तर त्या घराला ते मानावं लागतं. नाही मानलं तर चुलीला विस्तव कोणी देत नाही, न्हावी येत नाही, मेल्यावर खांदा मिळत नाही. कोर्टात वकील देता येतो. इथे वकील नव्हता.

"काय मागणार आहेत?" मी विचारलं.

"परकी सावली ह्या घरातसून काड," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता उठली. "दूध झाकून ठेवा. मांजर येता."

पुनवेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. वर्गात पाढे म्हणताना पोरांचा एकसुरी आवाज आला की मी मधेच पाढे थांबवी. त्या आवाजात मला तो दुसरा आवाज ऐकू येई. खाडीवर होडीतून कोणी परका उतरला की मी खिडकीतून त्याची चप्पल बघे. बूट असले तर सरकारी माणूस. रात्री पाचोळ्यात काही सळसळलं की मी माजघरातून उठून पडवीतल्या अंथरुणावर जाऊन पडे. तो म्हणे, "उंदीर आसा." मी तिकडेच पडून राही.

एके दुपारी मी त्याला म्हणालो, "मी बदली मागतो. दोडामार्गाकडे शाळा आहे. जंगलातली. तिथे जायला कोणी तयार नसतं, लगेच देतील."

तो बागेत पाट बांधत होता. चिखलाचे हात तसेच ठेवून वळला. "आणि मी?"

"तू इथेच. तुझं घर आहे, बाग आहे. सुट्टीत मी येत जाईन."

"पाव्हणो म्हणान?"

"माणसं बोलायची तरी थांबतील."

"तू गेलंस," तो म्हणाला, "तर तेंचा खरा झाला. रवलंस तर निदान भांडाण तरी आसा." चारचौघांत तो मला "तुमी" म्हणे, घरात "तू". तेवढ्यातही मी मागे वळून विहिरीवर कोणी नाही ना ते पाहिलं.

पुनवेला सकाळीच देवळात गेलो. न जाणं म्हणजे कबुली. सभामंडपात पुरुष मानाप्रमाणे बसले होते, बायका बाहेर दीपमाळेपाशी. मी मास्तर म्हणून मला खांबाला टेकायला जागा मिळे. त्या दिवशीही मिळाली, पण शेजारचे दोघे जरा सरकून बसले. माझे तळहात ओले झाले होते. मी ते धोतराला पुसत होतो आणि पुसताना कोणी बघत नाही ना हे बघत होतो. तो माझ्यासमोर, त्याच्या घराच्या जागेवर. चुलतभाऊ मानकऱ्यांच्या पाठीशी.

मानकरी म्हातारे होते. गाव त्यांना काका म्हणे. त्यांनी हात जोडले, गावाचं गाऱ्हाणं घातलं, गावाने व्हय म्हटलं. मग चुलतभाऊ पुढे वाकून त्यांच्या कानाशी लागला. काकांनी मान हलवली. घसा खाकरला.

आणि समोरून तो उठला.

"काकांनू, घर कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? तुजा."

"मगे माज्या घराचा गाऱ्हाणा कोण घालता?"

काका थांबले. रीत तीच होती. घरधनी हजर असला तर त्याच्या घराचं गाऱ्हाणं त्याने घालायचं. नसला तर मानकऱ्याने. वर्षानुवर्षं लोक काकांनाच घालायला सांगत, कारण त्यांचा आवाज चांगला होता. चुलतभाऊ म्हणाला, "काकांनू, तुमीच घाला," पण काका रीत मोडणारे नव्हते. ते बाजूला झाले. "घाल," ते म्हणाले.

मला वाटलं तो आता वाद घालणार. ओरडणार. सगळं सांगून टाकणार. माझ्या डोळ्यांपुढे ते वकिलांकडचं पुस्तक आलं, आणि मी दाराकडे किती माणसं बसली आहेत ते पाहिलं. वाट कुठेच मोकळी नव्हती.

तो ओरडला नाही. हात जोडून, थेट काकांच्या चालीत, त्यांच्याच चढउतारांनी त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या वर्साक पावस येळेर पडांदे, मळयेत पीक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"दर्यात गेलेली होडी, होडयेतलो माणूस, सुकरूप काठाक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चाकरमानी मुंबयक गेलो आसा, तेका थय अन्न मिळांदे, हय तेच्या घरात दिवो रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा मोठा आला. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला होतं. बाहेर बायकांनीही पदर पसरले.

तो थांबला नाही. त्याच दमात, त्याच सुरात म्हणाला,

"माज्या घरात आमी दोघे रवतो, मी आणि मास्तर. चूल एक, घर एक. मास्तर परको नाय, माज्या घरचो आसा. दोघांची राखण कर, दोघांका एकठय ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाव म्हणाला. सगळा गाव. छपराखालची कबुतरं उडाली. "रे म्हाराजा" हा सूर कानावर पडला की आमच्याकडे तोंड आपोआप उघडतं. लहानपणापासून ती सवय असते, आईच्या कडेवरून शिकलेली. मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं आपण काय म्हटलं ते. शेजारच्या माणसाचं तोंड उघडंच राहिलेलं मी पाहिलं. चुलतभावानेही म्हटलं होतं. मी त्याचे ओठ हलताना पाहिले होते.

मी काही म्हटलं नव्हतं.

"ह्या खरा नाय!" चुलतभाऊ उठला. "काकांनू, ह्या खरा नाय. लोकांका कळाक नाय काय ता!"

काका त्याच्याकडे वळले. "कळाक नाय तर त्वांड कित्याक उघडलास?"

"सवयीन उघडला!"

"मगे देवान सवयीन ऐकल्यान. आता माका कित्याक इचारतंस? तेका इचार." त्यांनी गाभाऱ्याकडे हात केला आणि नारळ फोडायला घेतला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. कोणीतरी शिवी हासडली, "आवशीक खाव ह्येच्या, गावाक फसवल्यान." पण नारळ फुटला होता.

पाणंदीने घरी आलो. घरात शिरल्यावर मी दार लावलं, खिडकी लावली आणि मग म्हणालो, "तू मला विचारलं नाहीस."

"काय इचारतलो?"

"हे सगळ्यांसमोर सांगू का, ते. माझी नोकरी आहे. राजापूरला आई आहे. आजपर्यंत कोणाला माहीत नव्हतं."

"सगळ्यांका म्हायत होता, मास्तर. फक्त कोण बोलत नव्हतो."

"तेच बरं होतं."

तो ओट्यावर बसला. "इचारलंय आसतंय, तर तू नको म्हटलं आसतंस," तो म्हणाला. "आणि मगे माका उठूक येवक नाय आसता."

त्याने माझ्या वतीने माझी भीती बाजूला सारली, पण ती माझी होती, आणि ती माझ्यापाशीच राहिली. "आणि गावाला फसवलंस," मी म्हणालो. "मी खंय फसवलंय? मी सांगलंय, तेनी ऐकल्यानी," तो म्हणाला. मग उठून चूल पेटवायला गेला.

लोकांना वाटेल, त्या दिवसानंतर आम्ही सुखाने राहिलो. घर राहिलं, हे खरं. मला बाहेर काढण्याची भाषा कोणी केली नाही. देवाने ऐकलेलं खोडायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण जोवर बोललं गेलं नव्हतं तोवर लपायला जागा होती, ती गेली. संध्याकाळच्या शिकवणीला येणारी दोन मुलं यायची बंद झाली. विहिरीच्या कठड्यावर कोळशाने एकदा काहीतरी काढलेलं होतं. ते त्याने मला दिसायच्या आत घासून टाकलं, पण ओला डाग दिसला. चुलतभावाच्या मुलीचं लग्न पुढे पिंगुळीकडे जमलं, आणि लग्नाला त्याला बोलावलं, मला नाही. त्या दिवशी तोही गेला नाही. आणि दर वर्षी पुनव आली की मला वाटे: कोणीतरी नवं गाऱ्हाणं घालील. गाव या वेळी नीट ऐकून व्हय म्हणेल. मी खांबाला टेकून बसे आणि काकांच्या ओठांकडे पाही. काही झालं नाही. दर वर्षी काही झालं नाही. भीती तरीही नव्याने येई.

लग्न झालेल्या माणसांकडे मी फार निरखून पाहत असे. त्यांच्यात प्रेम जास्त होतं असं मला दिसलं नाही. बरीच भांडत. पण एक जण मेला तर दुसऱ्याला कोणी विचारत नसे, की तुम्ही आता कधी निघणार? तेवढंच मला त्यांचं हवंसं वाटे. बाकी सगळं आमच्याकडे होतं.

तो गेला तो सकाळी, बागेत. पोफळींना पाणी लावत होता. म्हातारीने हाक मारली तेव्हा मी शाळेची टोपी घालत होतो. तो पाटाच्या कडेला कुशीवर पडला होता, आणि पाणी त्याच्या हाताला वळसा घालून पुढे जात होतं. छातीवर कान लावला. मग तिथेच बसून राहिलो. म्हातारी म्हणाली, "मास्तरांनू, उठा. माणसा येतली आता." त्याचा हात मी धरला होता, तो सोडायला ती मला सांगत होती.

माणसं आली. चुलतभाऊ आला. तो मोठ्याने रडला. धाकटा भाऊ होता त्याचा, दोघे एकाच खळ्यात वाढलेले. मी खळ्याच्या कोपऱ्यात माडाला पाठ लावून उभा होतो. बिऱ्हाडकरूने किती रडावं, हे मला कळेना. कमी रडलो तर त्याच्याशी खोटं, जास्त रडलो तर सगळ्यांच्या नजरा. मी दात आवळून धरले. जबडा पुढे दोन दिवस दुखत होता. मडकं चुलतभावाने धरलं, अग्नी त्यानेच दिला. मला कोणी पुढे बोलावलं नाही, आणि मागे हो असंही म्हटलं नाही. तिरडीच्या मागून चालताना मध्येच कोणीतरी आपला खांदा काढून घेतला. ती जागा रिकामी झाली, आणि मी तिथे खांदा दिला. कोणी काढून घेतला ते मी पाहिलं नाही. मान वर करायची हिंमत नव्हती.

खाडीवर अंघोळी करून सगळे परतले. घरात जिथे त्याचं डोकं होतं तिथे दिवा लावला होता. माणसं पांगल्यावर चुलतभाऊ ओटीवर बसला. त्याचे डोळे सुजले होते. आवाज शांत होता.

"मास्तरांनू, तुमचा सामान खंय पाठवचा?"

मी दिव्याची वात सारखी केली.

"माका तुमचो राग नाय आता. पण तो होतो तवसर ठीक. आता हय तुमचा कोण आसा? उद्या दुपारची होडी आसा."

हेच मी इतकी वर्षं मनात ऐकत आलो होतो, तो हयात असतानासुद्धा. शब्द प्रत्यक्ष कानावर पडले तेव्हा ते ओळखीचे वाटले. मी पडवीत गेलो. पेटीत पुस्तकं भरली, वर कपडे, वर त्याचा सुपारीचा अडकित्ता. तो काढून परत जागेवर ठेवला, कारण तो घरातला होता. मग पुन्हा पेटीत घातला. पेटीला काथ्याची दोरी आवळली. त्या रात्री मी अंथरूण घातलंच नाही, पेटीवर बसून राहिलो.

सकाळी देवळाचा गुरव आला. खळ्याच्या बाहेर, पाणंदीतच थांबला. चुलतभाऊ ओटीवर होता. गुरवाने दोघांकडे पाहिलं, आणि बोलला माझ्याशी.

"मास्तरांनू, मानकरी काकांनी सांगूक सांगल्यानी. बाराव्यापर्यंत तुमी देवळाची पायरी चढू नकात. देवाच्या विहिरीवर जाव नकात. कोणाक शिवू नकात. सुतक आसा तुमका."

"ह्येंका कसला सुतक?" चुलतभाऊ म्हणाला. "सुतक माका. मी भाऊबंद."

"तुका आसाच. ह्येंकाव आसा."

"कोणी ठरवल्यान?"

"माका इचारू नको बाबा. मी निरोप सांगूक इलंय. काका म्हणाले, घरचो म्हणान गावान व्हय म्हटला हा. मगे सुतक चुकता कसा?" आणि माझ्याकडे वळून, थोडं घाईने, "भायर जाव नकात हां. होडयेत तर बसूच नकात. होडी बाटतली."

तो गेला. चुलतभाऊ बसूनच राहिला. मला वाटलं, आता हा वर जाऊन काकांशी भांडणार. पण तोही सुतकात होता. त्यालाही देवळाकडे जायचं नव्हतं, कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. अग्नी त्याने दिला होता, म्हणून बारावा होईपर्यंत आम्हा दोघांना याच घरात राहायचं होतं.

दुपारी म्हातारी मऊ भात घेऊन आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. तिने भांडं खळ्याच्या कडेला ठेवलं, दोन पत्रावळी शेजारी ठेवल्या आणि आमच्यापैकी कोणाचाही स्पर्श होणार नाही इतकी मागे सरली.

"दोन कित्याक?" चुलतभाऊ म्हणाला.

"माणसा दोन आसत म्हणान. गप जेव तू."

त्याने भात वाढला. आधी आपल्याला, मग थोडा वेळ पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, मग मला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. बाराव्यानंतर तो काय म्हणेल, काका आणखी किती दिवस जगतील, सरकारी माणूस कधी येईल, हे सगळं माझ्यासमोर त्या पत्रावळीवरच होतं. तो खाली मान घालून जेवत होता. त्यालाही भीती वाटत असावी. माझ्याशी दोन शब्द बोलायचे झाले तर काय बोलायचं, याची.

जेवण झाल्यावर अंगावरचं अंघोळीचं ओलं धोतर बदलायला हवं होतं. नेसायचं कोरडं धोतर पेटीत होतं. दोरी फार घट्ट बसली होती, नखांनी सुटेना. तो ओटीवरून बघत होता. उठून आला नाही. मी खाली बसलो आणि दातांनी गाठ सोडवू लागलो.